जनुक गप्प बसलंय की मेलंय? यीस्टच्या लाल-पांढऱ्या कॉलनींवरून हिस्टोनचं काम ओळखण्याची रीत

हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा मी पेढे आणायला माणूस पाठवणारच होते. साध्या प्लेटवर लाल कॉलनींच्या (एकेका पेशीपासून वाढलेल्या यीस्टच्या ठिपक्यांच्या) गर्दीत पाच-सहा शुभ्र पांढऱ्या दिसल्या, आणि मी वहीत लिहून टाकलं, ‘सायलेन्सिंग सुटलं,’ म्हणजे गप्प बसवलेलं जनुक बोलायला लागलं. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या बेन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली आणि विचारलं, “आ धोळी बधी नानी केम छे?” या पांढऱ्या सगळ्या लहान का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर कळलं तेव्हा वहीतलं ते पान खोडावं लागलं. ते उत्तर पुढे येईलच.

बडोद्यातल्या एम.एस्सी.च्या मुलांना मी हा प्रयोग दर हिवाळ्यात करायला लावते. त्याला महागडं यंत्र लागत नाही. ऑटोक्लेव्ह, ३० अंशांचा इन्क्युबेटर, फ्रिज, सूक्ष्मदर्शक आणि धीर एवढं पुरतं. वर्गात ‘हिस्टोन मॉडिफिकेशन’ म्हटलं की मुलं फळ्यावरचे बाण वहीत उतरवतात आणि विसरतात. तीच गोष्ट प्लेटवर रंगात दिसली की विसरत नाहीत.

आधी डोक्यातलं चित्र नीट करा

पावाच्या यीस्टच्या एकपट (प्रत्येक क्रोमोसोमची एकच प्रत असलेल्या) पेशीत १६ क्रोमोसोम असतात आणि सुमारे ६,००० जनुकं. हा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गठ्ठ्यांवर गुंडाळलेला असतो. एका गठ्ठ्यात एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ प्रत्येकी दोन, म्हणजे आठ प्रथिनं, आणि त्याभोवती १४७ बेस-जोड्यांचा वेढा. हा झाला न्यूक्लिओसोम. हिस्टोनची शेपटं गठ्ठ्याबाहेर लोंबतात आणि सगळं राजकारण या शेपटांवर चालतं.

आपल्याला मुख्यतः एकाच जागेशी काम आहे: एच४ च्या शेपटावरचं १६ वं अमायनो आम्ल, लायसिन. लायसिनवर धन भार असतो. त्यावर अ‍ॅसिटिल गट बसला की भार जातो. यीस्टच्या बहुतेक क्रोमोसोमभर ही जागा अ‍ॅसिटिल लावलेली असते. काही मोजक्या भागांत मात्र ती उघडी असते: क्रोमोसोमच्या टोकांशी, म्हणजे टेलोमिअरजवळ, आणि तिसऱ्या क्रोमोसोमवरच्या एचएमएल आणि एचएमआर या दोन जागी, जिथे मीलनाचा प्रकार ठरवणाऱ्या जनुकांच्या राखीव प्रती असतात. तिथली जनुकं गप्प असतात, म्हणजे शाबूत असूनही पेशी ती वापरत नाही.

त्यांना गप्प करणारी मंडळी म्हणजे सर प्रथिनं: सर१, सर२, सर३, सर४. वर्गात हे नाव घेतलं की मुलं हसतात, आणि मीही हसू देते. सर गेले की वर्गात जे होतं तेच इथे होतं. सर२ काढून टाकला की टोकाजवळची जनुकं बोलायला लागतात. या कामाचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातून अमेरिकेत गेलेले अमर क्लार होते. त्यांनी १९७९ मध्ये सहकाऱ्यांसह ज्या जनुकाला एमएआर१ म्हटलं, तोच आजचा सर२. हे जनुक बिघडलं की एचएमएल आणि एचएमआर दोन्ही एकदम बोलतात. पेशीला आपण नर की मादी हेच ठरवता येत नाही आणि तिचं मीलन थांबतं. (यीस्टमध्ये नर-मादी नसतात, ए आणि अल्फा असतात, पण वर्गात हेच चालतं.)

आता साखळी कशी पुढे सरकते ते पाहा, कारण प्लेटवरचा रंग याच साखळीचा आहे. टेलोमिअरच्या डीएनएवर रॅप१ नावाचं प्रथिन बसतं. ते सर४ ला ओढून आणतं, आणि सर४ बरोबर सर२ येतो. सर२ शेजारच्या न्यूक्लिओसोमच्या एच४ वरच्या १६ व्या लायसिनवरून अ‍ॅसिटिल काढतो. लायसिन उघडं पडलं की सर३ तिथे चिकटतो, कारण त्याला उघडंच लायसिन आवडतं. सर३ बसला की तो आणखी सर४-सर२ ची जोडी आणतो, ती पुढच्या न्यूक्लिओसोमवरचं अ‍ॅसिटिल काढते, आणि असं चालत चालत ही मंडळी टोकापासून काही हजार बेस-जोड्या आत येतात. मग थांबतात. समोरून सॅस२ नावाचं एन्झाइम त्याच लायसिनवर अ‍ॅसिटिल चढवत असतं, आणि डॉट१ या दुसऱ्या एन्झाइमने एच३ च्या ७९ व्या लायसिनवर मिथिल हा छोटा रासायनिक गट लावलेला असतो, जो सर३ ला सोसत नाही. हद्द ठरते ती या ओढाताणीत.

हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. १९९० मध्ये मायकेल ग्रुनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत एच४ च्या शेपटातलं अमायनो आम्ल बदललं तेव्हा सायलेन्सिंग मोडलं, आणि सर३ मध्ये दुसरा बदल केल्यावर ते काही अंशी जुळून आलं. कुलूप बिघडवलं आणि किल्ली घासून पुन्हा लावली, असा तो पुरावा होता.

माणसांवरची पुस्तकं वाचून आलेली मुलं इथे हमखास एक चूक करतात. एच३ च्या ९ व्या लायसिनवरचं मिथिल आणि त्याला धरणारं एचपी१ हे प्रथिन पावाच्या यीस्टमध्ये नाहीतच. ते फिशन यीस्टमध्ये, म्हणजे दुभंगून वाढणाऱ्या वेगळ्या यीस्टमध्ये असतं, तिथे मिथिल लावणारं क्लर४ आणि ते धरणारं एसडब्ल्यूआय६ ही नावं येतात. उत्तरपत्रिकेत दोन्ही यीस्ट एका वाक्यात घातली की मी गुण कापते.

कोणती जात घ्यायची

बेकरीतलं यीस्ट इथे चालत नाही. मुलांना वाटतं मंगळबाजारातून पुडी आणली की झालं. त्या जातीत बहुधा प्रत्येक क्रोमोसोमच्या अनेक प्रती असतात आणि आपल्याला हवं ते चिन्ह नसतं. हवी ती प्रयोगशाळेतली एकपट जात, जिचं स्वतःचं एडीई२ जनुक बिघडलेलं आहे आणि चांगल्या एडीई२ ची एक प्रत टेलोमिअरजवळ बसवलेली आहे. डॅन गॉट्शलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये टोकाजवळ जनुक बसवून ते गप्प होतं हे दाखवलं तेव्हा अशाच जाती वापरल्या होत्या. जिथे यीस्टवर काम चालतं अशा प्रयोगशाळेला आपल्या विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवा. जात मागताना तिची सर२ काढलेली बहीणही मागा. बहीण नसेल तर प्रयोग अर्धाच होतो.

एडीई२ का, तर त्याचा रंग फुकट मिळतो. हे जनुक अ‍ॅडेनीन बनवण्याच्या वाटेवरचं एक पाऊल उचलतं. ते गप्प असलं की मधला पदार्थ साचतो, पेशीच्या पोकळीत जाऊन ऑक्सिजनने लाल होतो आणि कॉलनी लाल दिसते. जनुक बोललं की कॉलनी पांढरी. म्हणजे इथे लाल म्हणजे गप्प, पांढरा म्हणजे बोलका. पहिल्या दिवशी सगळे उलटं म्हणतात, तेव्हा हे प्लेटच्या झाकणावर लिहून ठेवा.

यूआरए३ हे दुसरं जनुक आणि फ्लुओरोओरोटिक आम्ल, म्हणजे ५-एफओए, ही दुसरी प्रसिद्ध रीत. यूआरए३ बोलत असलं की पेशी या आम्लाचं विष करून मरते, गप्प असलं की जगते. मोजायला सोपी, पण आम्ल महाग आणि एक गाठ आहे: २०११ मध्ये दाखवलं गेलं की डॉट१ सारखं जनुक बिघडवलेल्या काही जातींमध्ये (म्युटंटांमध्ये) पेशी मरतात त्या यूआरए३ जागं झालं म्हणून नव्हे, तर ते आम्ल त्यांचा न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे डीएनएच्या सुट्या घटकांचा, हिशोब बिघडवतं म्हणून. त्यामुळे ‘५-एफओएवर उगवलं नाही, म्हणजे सायलेन्सिंग गेलं’ हे वाक्य एकट्याने उभं राहत नाही. मी म्हणूनच रंगाने सुरुवात करते.

माध्यम: इथे घाई केली की सगळं गेलं

२०० मिलीसाठी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २ ग्रॅम, पेप्टोन ४ ग्रॅम, डेक्स्ट्रोज ४ ग्रॅम, अगर ४ ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं. यातून ८ ते १० प्लेट निघतात. वरून अ‍ॅडेनीन अजिबात घालू नका. एकदा एका मुलाने ‘पेशींना बरं वाटावं’ म्हणून सढळ हाताने घातलं आणि सगळ्या प्लेट पांढऱ्या निघाल्या. अ‍ॅडेनीन आयतं मिळालं की पेशी ती वाटच बंद ठेवते, मधला पदार्थ साचत नाही आणि लाल रंग येत नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या डब्याडब्यात अ‍ॅडेनीन कमीजास्त असतं, तेव्हा पूर्ण प्रयोगासाठी एकच डबा वापरा आणि डब्याचा बॅच नंबर वहीत लिहा.

दुसऱ्या २०० मिलीत निकोटिनामाइड घालायचं. सर२ अ‍ॅसिटिल काढताना दर वेळी एनएडी या पेशीतल्या मदतनीस रेणूची एक प्रत खर्च करतो आणि त्यातून निकोटिनामाइड सुटतं. हेच सुटलेलं निकोटिनामाइड जास्त झालं की सर२ ला अडवतं. सर२ चं हे एनएडीवर चालणारं काम २००० मध्ये लिओनार्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेने उघड केलं, आणि निकोटिनामाइडने तो अडतो हे २००२ मध्ये पुढे आलं. म्हणजे औषध घालून आपण जनुक कापत नाही, फक्त सरांना काही दिवस वर्गाबाहेर ठेवतो. प्रयोगाचा सगळा अर्थ यातच आहे.

१ मोलर साठा करायचा तर १.२२ ग्रॅम निकोटिनामाइड १० मिली पाण्यात विरघळवा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. अगर हाताला सोसेल इतपत, ५५ अंशांच्या आसपास आला की २०० मिलीत १ मिली घाला. झालं ५ मिलीमोलर. बुडबुडे न करता फिरवा. मुलींच्या तोंडावर लावायच्या सीरमच्या बाटलीवर ‘नियासिनामाइड’ लिहिलेलं असतं, तेच हे. म्हणून कोणी मेडिकलमधली गोळी कुटून घालू नये, गोळीत पिष्ट आणि काय काय असतं. रसायनाच्या बाटलीतलंच घ्या.

तिसरा गठ्ठा जमला तर कराच: त्याच मात्रेत निकोटिनिक आम्ल. तेही बी३ जीवनसत्त्वच, पण सर२ ला अडवत नाही. त्यावर कॉलनी लाल राहिल्या तर ‘जीवनसत्त्व घातल्यामुळे रंग गेला’ ही शंका मिटते.

पेशी मोजून पेरा

जात फ्रीझरमधून काढून प्लेटवर स्ट्रीक करा, म्हणजे रेघोट्या ओढून पसरवा, दोन-तीन दिवसांनी एकच लाल कॉलनी उचला, ५ मिली माध्यमात ३० अंशांवर रात्रभर हलवत ठेवा. सर२ नसलेल्या बहिणीचंही तेच, ती पांढरीच असेल.

सकाळी दहापट पातळ करून न्यूबाउअर चेंबरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचेवर, मोजा. मोठ्या चौकोनात, म्हणजे १ चौरस मिलिमीटरात, सरासरी १५० पेशी मिळाल्या असं धरू. १५० गुणिले १०,००० म्हणजे १५ लाख दर मिलीला. पातळ केलेलं दहापट, तर मूळ कल्चरमध्ये दीड कोटी. आपल्याला प्लेटवर हव्यात २०० पेशी, १०० मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे दर मिलीला २,०००. तीन वेळा दहा-दहापट पातळ केलं की १५,००० उरतात. त्यातले १०० मायक्रोलिटर घेऊन ६५० मायक्रोलिटर पाणी घाला, झाले २,०००. दर पायरीला टिप बदला आणि नळी नीट हलवा, यीस्ट खाली बसतं. कळी फुटलेली पेशी एकच धरायची. ‘अंदाजे टाकू’ असं म्हणणाऱ्याच्या प्लेटवर दोन हजार कॉलनींचं गोधड तयार होतं आणि त्यात कॉलनीतल्या वेगळ्या रंगाच्या पाचरी (त्या पुढे येतीलच) वाचताच येत नाहीत.

उत्तरायणाच्या हिशोबाने तारखा

बडोद्यात जानेवारीत हा प्रयोग लावण्यामागे माझी एक सोय आहे. १० तारखेला पेरायचं, तीन दिवस ३० अंशांवर, १३ ला संध्याकाळी सगळ्या प्लेट उलट्या करून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये. १४ आणि १५, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायण, सगळं गाव गच्चीवर असतं, प्रयोगशाळेत कुणी येत नाही. थंडीत ठेवलेल्या प्लेटवर लाल रंग मात्र चढत राहतो. १३ ला फिकट गुलाबी दिसलेली कॉलनी १६ ला विटकरी झालेली असते. मुलांनी तेराला बघून ‘रंगच नाही’ म्हणत प्लेट टाकून देऊ नयेत म्हणून मी फ्रिजला कुलूप लावते. मे महिन्यात हा प्रयोग लावू नका. बाहेर पारा ४० च्या वर, वीज गेली की इन्क्युबेटर तापतो आणि यीस्ट मरगळतं.

कॉलनी वाचायची कशी

साध्या प्लेटवरची एक कॉलनी भिंगाखाली धरा. सगळी कॉलनी एका पेशीची संतती आहे, मध्यातून कडेकडे वाढलेली. एखादी पूर्ण लाल. एखादी लाल, पण एका बाजूला केंद्राजवळून सुरू होऊन कडेपर्यंत रुंद होत गेलेली पांढरी पाचर, दोन रंगांचे कागद चिकटवून केलेल्या पतंगासारखी. त्या पाचरीच्या टोकाशी कधीतरी एक पेशी बोलायला लागली, आणि तिच्या लेकी-नाती बोलत राहिल्या. डीएनए दोघींचा एकच, एका अक्षराचाही फरक नाही. डीएनएची प्रत निघताना जुने हिस्टोन दोन्ही प्रतींत वाटले जातात, आणि उघड्या लायसिनवर सर मंडळी पुन्हा बसतात, म्हणून गप्पपणाही वारशाने जातो. कधीकधी तो वारसा तुटतो, आणि पाचर तिथून सुरू होते.

मोजताना तीन रकाने करा: पूर्ण लाल, पाचरी असलेल्या, पूर्ण पांढऱ्या. गुलाबी आणि अर्धवट रंगाच्या वेगळ्या लिहा, बळजबरीने कुठल्या रकान्यात घालू नका. निकोटिनामाइडच्या प्लेटवर जवळजवळ सगळ्या पांढऱ्या असायला हव्यात. सर२ नसलेली बहीण सगळीकडे पांढरी.

आता बेनचा प्रश्न. साध्या प्लेटवरच्या त्या लहान पांढऱ्या ‘पेटीट’ होत्या, म्हणजे ज्यांचे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेत. लाल रंग तयार व्हायला श्वसन चालू असावं लागतं. पेटीट पेशीत एडीई२ कितीही गप्प असलं तरी ती पांढरीच दिसते. खात्री करायची तर डेक्स्ट्रोजच्या जागी ३ टक्के ग्लिसरॉल घालून प्लेट करा आणि प्रत्येक संशयित पांढरी तिच्यावर काडीने टेकवा. खरी बोलकी पेशी वाढेल, पेटीट वाढणार नाही. तेव्हापासून मी नियम केला आहे: ग्लिसरॉलवर न वाढलेली पांढरी कॉलनी मोजणीत धरायचीच नाही.

परत फिरवा

शेवटचं पाऊल बहुतेक जण गाळतात, कारण तोपर्यंत त्यांना उत्तर मिळालेलं असतं. निकोटिनामाइडच्या प्लेटवरून नेहमीच्या आकाराची पांढरी कॉलनी उचला, पाण्यात मिसळा, पुन्हा मोजून साध्या प्लेटवर २०० पेरा. सोबत सर२ नसलेली बहीणही. पुन्हा तीन दिवस ३० अंश, मग फ्रिज.

मधल्या दिवसांत ज्यांच्याकडे क्यूपीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती मोजणारं यंत्र, आहे त्यांनी हिस्टोनवरचं अ‍ॅसिटिल थेट मोजावं. १ टक्का फॉर्मॅल्डिहाइडने पेशी १५ मिनिटं बांधायच्या, ग्लायसिनने थांबवायचं, काचेच्या मण्यांनी फोडून सोनिकेटरवर डीएनएचे २०० ते ५०० बेस-जोड्यांचे तुकडे करायचे, मग एच४ च्या १६ व्या लायसिनवरचं अ‍ॅसिटिल ओळखणाऱ्या अँटीबॉडीने ते हिस्टोन आणि त्यांना बांधलेला डीएनए ओढून काढायचा. एक ओढ एकूण एच४ साठीही करा आणि गुणोत्तर घ्या, नाहीतर तिथे हिस्टोनच कमी होते की अ‍ॅसिटिल कमी होतं हे कळत नाही. तुलनेला एसीटी१ सारखं कायम बोलणारं जनुक. प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा मोजायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे, लावताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले आहे. जातीतलं जुनं बिघडलेलं एडीई२ एका अक्षराच्या बदलाचं असेल तर एडीई२ च्या आतले प्रायमर दोन्ही प्रती वाढवतात, गप्पही आणि मूळ जागेवरचीही, आणि आकडा मधलाच कुठलातरी येतो. एक प्रायमर जनुकात आणि दुसरा टेलोमिअरकडच्या शेजारच्या तुकड्यात ठेवा. टोकाजवळचे तुकडे अनेक क्रोमोसोमवर सारखे असतात, म्हणून तो शेजारचा तुकडाही एकमेव आहे ना, हे जीनोममध्ये शोधून घ्या.

मग फ्रिज उघडा. बहीण पांढरीच असते, तिचा सर२ मुळातच नाही. औषधावरून आणलेल्या कॉलनींत मात्र लाल परतलेला असतो: काही पूर्ण विटकरी, काही पाचरींच्या. एखादी कॉलनी मध्यात पांढरी आणि कडेला लाल दिसेल. ती पेशी साध्या प्लेटवर आली तेव्हा अजून बोलत होती, आणि वाढता वाढता तिच्या नातवंडांत सर पुन्हा वर्गात आले.